वायद्याचे हप्ते

ऑगस्ट २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' हा अंतराळभ्रमंतीचा खेळ बाजारात आला, तेव्हाची गोष्ट. या खेळात जवळपास १८ वर १८ शून्यं एवढे ग्रह आहेत. संगणक ते गणितानं घडवत जातो, त्यामुळे दोन माणसं एकाच ग्रहावर यायची शक्यता जवळजवळ नाहीच. तरीही पहिल्याच दिवशी एका खेळाडूला दुसऱ्यानं आधीच शोधून नाव दिलेली जागा सापडली. दोघांनी संपर्क साधला, वेळ ठरवली आणि एकाच ग्रहावर एकाच ठिकाणी येऊन दोघं उभे राहिले. जगभरचे लोक ते थेट बघत होते. दोघांच्याही पडद्यावर समोर कुणीच नव्हतं.

खेळाडू एकमेकांना भेटू शकतील का, असं विचारल्यावर निर्माते शॉन मरे यांनी आधीच्या मुलाखतींमध्ये होकार दिला होता. भेट फार दुर्मीळ असेल, एवढीच पुस्ती जोडली होती. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या 'हॅलो गेम्स' या चिमुकल्या कंपनीनं डिसेंबर २०१३ मध्ये पहिली झलक दाखवली, २०१४ मध्ये सोनीच्या व्यासपीठावरून ती जगापुढे गेली, आणि पुढे दोन वर्षं अपेक्षा फुगत राहिल्या. झलकेत लांब मानेच्या प्राण्यांचे कळप होते, अवकाशात जहाजांच्या मोठ्या लढाया होत्या. हातात पडलेल्या खेळात यातलं बरंच काही नव्हतं, आणि जे होतं तेही फार विरळ. आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत पोचण्यासाठी लोकांनी रात्री जागवल्या, तर तिथून खेळ त्यांना दुसऱ्या आकाशगंगेत नेऊन पहिल्यापासून सुरुवात करायला लावत होता. किंमत मात्र मोठ्या खेळाची: ६० डॉलर, त्या वेळच्या दरानं चार हजार रुपयांच्या घरात.

बारामतीला इंजिनिअरिंग शिकलेल्या माझ्या भाच्यानं मला हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं स्वतः तो खेळ घेतला नव्हता. खोलीवर बसून दुसऱ्यांचं खेळणं बघितलं होतं. तो म्हणाला, "मामा, लोकांचे पैसे गेले त्याचं एवढं नाही. तीन वर्षं वाट बघितली होती त्यांनी." घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते ऐकून विषय झटकला. खेळच तो, त्यात काय रडायचं?

मला हे झटकणं पटत नाही. या पोरांना जे लागलं आहे, त्याच प्रश्नावर आमच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांनी रस्ते अडवले आहेत. आधी सगळं घेऊन वायदा मात्र हप्त्याहप्त्यानं पुरा केला, तर तो पुरा झाला म्हणायचा का?

ऊसवाल्याला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. कारखान्याकडून तोडीचा निरोप येतो, टोळी फडात शिरते आणि एकदा कोयता चालला की शेतकऱ्याच्या हातातली सगळी ताकद संपते. तुटलेला ऊस परत बुडख्यावर उभा करता येत नाही, घरी ठेवता येत नाही. पडून राहिला की दर तासाला वजन घटतं. ट्रॉली काट्यावर चढते, वजनाची पावती हातात येते आणि अख्ख्या वर्षाचं पाणी, खत, मजुरी त्या कागदाच्या चिटोऱ्यावर येऊन थांबते. माल एका दिवसात गेला, पैसे यायचे आहेत. म्हणून १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं मुदत घातली: ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. मुदत कागदावर राहिली आणि उचलीचे, हप्त्यांचे वाद दर हंगामात पेटत राहिले. नोव्हेंबर २०११ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी बारामतीत उपोषण केलं, पुढच्या वर्षी इंदापुरात आंदोलन भडकलं, ते दराबरोबरच पहिल्या उचलीसाठी होतं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपीचे, म्हणजे उसाला कायद्यानं ठरलेल्या किमान दराचे, दोन तुकडे करायला मुभा दिली: काही भाग आधी, उरलेला हंगाम संपून साखरेचा उतारा निघाल्यावर. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तो शासन निर्णय रद्द केला. एफआरपी एकरकमीच द्यायची.

तुकडे पाडायला कारण नव्हतं असं नाही. साखर वर्षभर विकली जाते, बँकेचं कर्ज असतं, खरा उतारा हंगामाच्या शेवटीच कळतो. कारखानदारांचं हे म्हणणं खोटं नव्हे. तरी मधल्या काळात सोसायटीचं व्याज कुणी भरलं, हा प्रश्न उरतोच. पोराची फी आणि खोडव्याचं खत कारखान्याच्या सोयीनं थांबत नाही.

खेळाच्या बाबतीत गाडी उलटी आहे. इथं गिऱ्हाईकानं पैसे एकरकमी दिले आणि माल हप्त्यांनी मिळाला. नोव्हेंबर २०१६ पासून हॅलो गेम्सनं एकामागून एक सुधारणा दिल्या, सगळ्या फुकट. एकमेकांना बघत सोबतीनं खेळण्याची खरी सोय जुलै २०१८ मध्ये आली. म्हणजे त्या पहिल्या दिवसानंतर जवळपास दोन वर्षांनी. पुढेही काम थांबलं नाही, आणि एकेकाळी शिव्यांनी भरलेला 'स्टीम' या विक्री-मंचावरचा शेरा २०२४ मध्ये 'अत्यंत अनुकूल' झाला. आज हा खेळ पश्चात्तापाचा आणि चिकाटीचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे. जेमतेम पंधरा माणसांची कंपनी, तीही २०१३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कार्यालयात पुराचं पाणी शिरलेली. पैसे घेऊन पळून जाणं सोपं होतं. ते पळाले नाहीत.

पण ज्यानं २०१६ मध्ये पैसे मोजले, त्यानं २०१८ च्या मालाचे पैसे दोन वर्षं बिनव्याजी उधार दिले होते. सोमेश्वर आणि माळेगाव या कारखान्यांनी काही हंगामांत एफआरपीहून वरचढ अंतिम दर दिला, त्याचा सभासदांना आनंदच झाला. म्हणून चौदा दिवसांची मुदत कुणी सोडून दिली नाही. शेवटी जास्त मिळालं हा वेगळा हिशेब, वेळेवर मिळालं नाही हा वेगळा. खेळांच्या जगात हे दोन हिशेब एकत्र करून टाकले गेले, आणि नंतरच्या कौतुकात आधीचं देणं बुडालं.

पैसे परत मागायची सोय होती, असं यावर म्हणतात. स्टीमचा नियम असा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत. चौदा दिवस इथंही आहेत, पण दोन तासांची अट सगळं निकामी करते. या खेळात माणूस मोडक्या यानाशेजारी जागा होतो. यान दुरुस्त करून पहिलं उड्डाण घेईपर्यंतच तास-दीड तास जातो. काय नाही हे कळायला चाळीस-पन्नास तास लागतात. ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेकडे तक्रारी गेल्या. तिनं नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहिरात दिशाभूल करणारी नसल्याचा निर्णय दिला. तो निर्णय विक्रीच्या पानापुरता होता. लोकांनी भरवसा ठेवला होता तो तीन वर्षांच्या मुलाखतींवर.

त्याहून वाईट होतं ते मौन. खेळ आल्यानंतर कंपनी कित्येक आठवडे बोललीच नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद अहवाल हातात घेऊन उभा राहतो, चेअरमनला तोंडावर विचारतो, गोंधळ होतो, कधी माइक ओढले जातात. पण उत्तर द्यायला माणूस समोर असतो. खेळाडू कुठल्याच खेळाचा सभासद नसतो. त्याच्या रागाला सभा नसल्यामुळे तो राग भरकटतो. प्रकाशन काही आठवडे पुढे ढकललं तेव्हा मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या गेल्या होत्या. ते निंद्यच, त्याला माफी नाही.

वायदा आधी आणि माल नंतर, हे आपल्याकडेही घडलं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी या मोबाइल खेळावर बंदी आली आणि दोन दिवसांत 'फौजी' या देशी खेळाची घोषणा झाली. गावोगावची पोरं पारावर बसून त्याची वाट बघत होती. २६ जानेवारी २०२१ ला तो आला, तेव्हा त्यात एकट्यानं खेळायची गलवानची कथा तेवढी होती. मित्रांबरोबर लढायचे प्रकार 'लवकरच' या पाटीमागे बंद. पोरांना हवी होती ती सोबत, आणि नेमकी तीच नव्हती. त्यांना राग आला तो देशप्रेमाच्या नावानं मागितलेल्या सबुरीचा.

हे मी कळकळीनं लिहितो, कारण खेळ घडवणारे आता परके राहिलेले नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसूनही २०२० मध्ये तो जगापुढे ठेवला. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं 'इंडस' २०२२ मध्ये जाहीर केला, तो २०२४ च्या ऑक्टोबरात आला. उद्या बारामतीचं, इंदापूरचं पोरगं असा खेळ करेल. त्यानं बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचं 'कृषिक' प्रदर्शन एकदा बघून घ्यावं. तिथं वाणाची माहिती देणारा फलक असतोच, पण फलकामागे तोच वाण जमिनीत उभा असतो. शेतकरी वाकून पान चोळून बघतो, मग दर विचारतो. खेळाच्या झलकेलाही हाच नियम लावावा: जे आज चालतं तेवढंच दाखवायचं, बाकीचं तयार होईल तेव्हा.

आणि विकत घेणाऱ्या पोरांना सांगायचं ते असं. आगाऊ नोंदणीचे पैसे भरू नका. खेळ आल्यावर चौदा दिवस थांबा, तोवर इतरांचं खेळणं बघा. फसवलं गेल्याची खात्री झाली तर कुणाला शिव्या देत बसू नका. जाहिरातीचे, मुलाखतींचे पुरावे जपा, पावती जपा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.