दुर्मिळ प्राणी आणि सामान्य बुरशी

आस्ट्रेलिया खंडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, आल्बनी नगराजवळ, टू पीपल्स बे नावाचा किनारा आहे. तेथील दाट झुडपांत सुमारे १ किलो वजनाचा एक लहानसा प्राणी राहतो. कांगारूप्रमाणे त्याची मादी आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढविते. त्यास गिल्बर्टचा पोटोरू म्हणतात. शंभराहून अधिक वर्षे तो कोणास दिसला नाही, व तो नाहीसा झाला असेच विद्वान मानीत होते. परंतु १९९४ साली तो ह्या ठिकाणी जिवंत सापडला. मांजरे व कोल्हे त्याचे वैरी. म्हणून २००५ पासून काही प्राणी बाल्ड बेटावर नेऊन ठेविले. हे फार बरे झाले, कारण २०१५ च्या वणव्यात किनाऱ्यावरील त्याचे बहुतेक रान जळून गेले.

आता त्याचे अन्न पाहा. तो जवळजवळ सर्वस्वी जमिनीखालच्या बुरशीच्या गाठींवर जगतो. बुरशी म्हटली की आमच्या घरी भाकरी फेकून देतात! पण ह्या बुरशीचे सूक्ष्म तंतू झाडांच्या मुळांशी जडलेले असतात. ते मातीतील पाणी व क्षार झाडास पुरवितात, आणि झाड त्यांस साखर देते. तिची फळे मातीत दडलेली, म्हणून तिचे बीज वाऱ्याने पसरत नाही. पोटोरू वासाने ती हुडकून पुढच्या पायांनी उकरून खातो, आणि त्याच्या विष्ठेतून ते बीज रानभर पडते. ह्याप्रमाणे प्राणी बुरशीवाचून उपाशी, बुरशी अशा खाणाऱ्यांवाचून एका जागी खिळलेली, आणि झाडे दोघांची ऋणी.

दुर्मिळासाठी माणसांनी बेट शोधिले, हे योग्यच झाले. त्याविषयी आमची तक्रार नाही. पण सामान्याची मोजदाद कोण ठेवितो? पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराच्या दुबळ्या दिसणाऱ्या अवयवांविषयी जे शिकविले, ते येथे मातीत उघड दिसते.

मंडळीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचतात, तेव्हा पाहुण्या उपदेशकाचे नाव मोठ्याने येते. पहाटे मंदिर झाडणाऱ्या, आजाऱ्याच्या घरी भाकरी पोहोचविणाऱ्या बहिणीचे येत नाही. ती अंथरुणास खिळली म्हणजे मात्र पहिल्याच रविवारी सर्वांस कळते. यंदा अहवाल लिहिण्यापूर्वी पंचांनी तिच्या ओसरीवर घटकाभर बसावे, आणि तिच्या घरी काय उणे आहे ते विचारावे.