उतारशाळेतली जागा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, लँग्ली परिसरातल्या एका वृद्धनिवासात मी परिचारिका आहे. ऑक्टोबर सरत आला की आमच्या बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर हॉलमार्क या अमेरिकन वाहिनीचे नाताळपट सुरू होतात आणि नव्या वर्षापर्यंत थांबत नाहीत. गोष्ट बहुधा ठरलेली असते. शहरात मोठ्या पदावर असलेली तरुणी डिसेंबरात आपल्या लहानशा गावी येते. घरच्यांची उतारशाळा, बेकरी किंवा नाताळच्या झाडांची शेती बंद पडायला आलेली असते. गावात एखादा देखणा विधुर असतो, हातात सुतारकाम आणि घरात सात-आठ वर्षांची लाघवी मुलगी. दोघं मिळून चौकातलं झाड सजवतात, जिंजरब्रेडची घरं करतात. ओठ ओठांजवळ येतात, तोच कुणीतरी हाक मारतं. पुढे शहरातून फोन येतो, गैरसमज होतो, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी भुरभुरत्या बर्फात सगळं जुळून येतं.

एकेका हंगामात असे चाळीसच्या आसपास नवे चित्रपट आलेले आहेत. कथेतलं गाव अमेरिकेतल्या व्हरमाँटचं असतं, नाहीतर मोंटानाचं. चित्रीकरण मात्र पुष्कळदा आमच्या शेजारी, फोर्ट लँग्लीसारख्या ठिकाणी, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. रस्त्यावर खोटं बर्फ पसरायचं, कलाकारांनी लोकरीचे कोट चढवायचे आणि दोन-तीन आठवड्यांत चित्रपट पुरा करायचा.

या चित्रपटांना लोक नावं ठेवतात ती मुख्यतः शेवट आधीच ठाऊक असतो म्हणून. मला तो दोष वाटत नाही. मी अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या त्या नगरात येशूची गोष्ट आम्ही भजन-कीर्तनातून ऐकली. कीर्तनाला बसलेल्या कुणाला शेवट माहीत नसतो? हरिश्चंद्राचं आख्यान ऐकणाऱ्या बाईला रोहिदास पुन्हा उठणार हे पाठ असतं, तरी तारामती मुलाचं प्रेत घेऊन मसणवट्यात येते तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागते. नाताळाचंही तसंच. दरवर्षी तेच शास्त्रपाठ, तोच तारा, तेच मेंढपाळ. शेवट ठाऊक असला की माणूस निर्धास्त होऊन वाटेकडे पाहू शकतो. म्हणून मी या चित्रपटांना विचारते ते एवढंच, की तुमच्या वाटेत मसणवटा येतो का? कीर्तनकार तिथे थांबतो, चांगला कीर्तनकार तर जास्तच वेळ थांबतो.

नाताळपटांत मृत्यू असतो, पण तो कधीच होऊन गेलेला. नायकाची बायको दोन-तीन वर्षांपूर्वी वारलेली, नायिकेची आई ती लहान असतानाच. दुःख झाडावरच्या जुन्या दागिन्यात घडी घालून ठेवलेलं असतं. डोळ्यांदेखत कुणी मरत नाही. कर्जही एका नाताळमेळ्यात फिटतं. मी ज्या घरात काम करते तिथे डिसेंबरातही माणसं जातात, आणि त्यांच्या खोलीतली चादर बदलताना दारावरची हिरवी माळ तशीच असते. म्हणून ही उणीव मला आधी दिसते.

तरीही हे चित्रपट माणसं का पाहतात याचं उत्तर मला आमच्याकडच्या एका वृद्ध बाईंनी दिलं. शेवटची दहा मिनिटं आली की त्या मला शेजारी बसवून घेतात. चुंबनात त्यांना फारसा रस नसतो. त्या जेवणाचं टेबल पाहतात. कोण कोण बसलंय, उशिरा आलेल्यासाठी खुर्ची ओढली का, नायकाच्या मुलीला आजीजवळ जागा मिळाली का. सगळे बसले की त्या समाधानाने मान हलवतात. त्यांची स्वतःची मुलं दूर आहेत आणि त्यांच्या टेबलावरचे बहुतेक लोक आता हयात नाहीत.

त्यांच्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या चित्रपटांत उतारशाळा किती येतात! वादळात गाडी अडकते, विमान रद्द होतं, आणि गावातल्या उतारशाळेत नेमकी एक खोली शिल्लक असते. लूकच्या शुभवर्तमानात नेमकं उलटं आहे. कैसराच्या हुकुमाने चाललेली नावनिशी, दिवस भरलेली मरिया, आणि उतारशाळेत जागा नाही. बाळ गव्हाणीत निजवावं लागलं. मला वाटतं, हे चित्रपट त्या नकाराची भरपाई करू पाहतात. बेथलेहेमात जे दार बंद झालं ते इथे दर दोन तासांनी उघडतं. ही ओढ हलकी नाही. सगळ्यांना जागा मिळेल अशी मेजवानी हे तर देवाच्या राज्याचंच चित्र आहे, येशूने ते वारंवार रंगवलं. लोकांना या गोडव्याची भूक लागते तेव्हा ती खरीच भूक असते, आणि तिची थट्टा करणाऱ्याला तिचं मोल कळलेलं नाही असंच मी म्हणेन.

पण मेजवानीत कोण बसलं हे त्या बाईंसारखं मीही मोजते. आणि इथे माझ्या घराण्याची आठवण मला स्वस्थ बसू देत नाही. चित्रपट सांगतो, शहर सोड, गावाकडे परत जा, तिथे सगळे तुला ओळखतात. माझ्या पणजोबांनाही गावात सगळे ओळखत होते. जातीने ओळखत होते. त्यांचं घर गावकुसाबाहेर होतं, गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्ये नगरात ठाणं मांडलं, आणि पुढच्या पिढ्यांत आमच्यासारखी पुष्कळ अस्पृश्य कुटुंबं ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याने जात लगेच गळून पडली असं नाही; चर्चमध्येही ती बराच काळ बाकावर येऊन बसली. पण उतारशाळेत जागा नाही हे वाक्य पणजोबांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८मध्ये संविधान सभेत खेड्याच्या गोडव्याचा कठोर शब्दांत समाचार घेतला, तो याच अनुभवातून. लहान गाव प्रेमळ असतं ते आतल्यांसाठी. त्यामुळे पडद्यावर बर्फाने झाकलेलं निष्पाप गाव दिसलं की मला त्याच्या वेशीबाहेर कोण आहे हे पाहावंसं वाटतं.

वेशीचा हा प्रश्न हॉलमार्कलाही चुकला नाही. बरीच वर्षं त्या गावांतले प्रेमिक बहुधा गोरेच असत. डिसेंबर २०१९मध्ये दोन नववधू एकमेकींचं चुंबन घेतात अशी एक जाहिरात वाहिनीने तक्रारींनंतर काढून टाकली; त्यावर संताप उसळला आणि काही दिवसांतच कंपनीने माफी मागून निर्णय फिरवला. पुढच्या वर्षी ‘द ख्रिसमस हाउस’मध्ये मूल दत्तक घेऊ पाहणारं पुरुष जोडपं आलं. त्यानंतर काही कलाकार आणि अधिकारी जुन्या वळणाचा नाताळ दाखवू पाहणाऱ्या दुसऱ्या वाहिनीकडे गेले. दोन्ही बाजू नाताळाचं नाव घेत होत्या. माझ्यापुरता निवाडा सोपा आहे: ज्याच्या जन्माला जागा नाकारली गेली, त्याच्या नावाने कुणाला जागा नाकारणं मला पटत नाही.

या वाहिनीची मुळं धर्मात आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९८८मध्ये अमेरिकेतल्या निरनिराळ्या धर्मसंस्थांनी मिळून उपग्रहावर एक वाहिनी काढली. तिची नावं आणि मालक बदलत गेले आणि २००१मध्ये तिची हॉलमार्क वाहिनी झाली. प्रार्थना गेल्या, नाताळ उरला. पण याच हॉलमार्क कंपनीचा याहून जुना एक नाताळ आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. २४ डिसेंबर १९५१च्या रात्री एनबीसीवर जान कार्लो मेनोत्ती यांचा ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा ऑपेरा सादर झाला. टीव्हीसाठी मुद्दाम लिहवून घेतलेला तो पहिला ऑपेरा, आणि भेटकार्डं विकणाऱ्या हॉलमार्कच्या नाट्यमालेची ती सुरुवात.

अमाल हा कुबडीवर चालणारा मेंढपाळाचा पोर. घरात खायला नाही, उद्या भीक मागायची वेळ. रात्री दारात तीन राजे उभे, ताऱ्यामागे निघालेले, निवारा मागणारे. आई त्यांना जागा देते. ते झोपल्यावर मुलाच्या भुकेपायी तीच त्यांच्या सोन्याला हात घालते आणि पकडली जाते. राजा म्हणतो, सोनं ठेव, आम्ही ज्या बाळाकडे चाललो त्याला याची गरज नाही. तेव्हा ती सोनं परत देते, आणि अमाल आपल्याजवळचं एकुलतं एक ते देऊ करतो, आपली कुबडी. त्या क्षणी त्याचा पाय बरा होतो.

इथेही शेवट गोड आहे, इथेही चमत्कार आहे, पण मसणवटा वगळलेला नाही. भूक आहे, चोरी आहे, लाज आहे. शिवाय जागा देणारी बाई स्वतः वेशीवरची आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायातला यजमान लंगड्यांना आणि रस्त्यावरच्यांना आत आणायला आपल्या दासाला धाडतो. मेनोत्तींच्या गोष्टीत तो लंगडा मुलगाच राजांचा यजमान होतो. घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या पडद्याला हे पेलतं, हे त्या रात्री सिद्ध झालं होतं. म्हणून आजच्या नाताळपटांकडून अपेक्षा करणं मला भाबडेपणाचं वाटत नाही.

ठरलेल्या शेवटावर माझी श्रद्धा आहे. सगळे एका टेबलाशी बसतील, हे मी नगरच्या मंडळीत शिकले आणि लँग्लीतल्या त्या बाईंजवळ बसूनही मानते. पण त्या टेबलापर्यंतची वाट हेरोदाच्या राज्यातून जाते. हेरोदाने केलेली बाळांची कत्तल आणि येशूला घेऊन मिसरला पळालेलं कुटुंब मत्तयाने आपल्या पुस्तकातून गाळलं नाही. देवाने जन्म घ्यायला जागा न मिळालेल्यांची बाजू निवडली. हे ज्या गोष्टीत टिकून राहतं, ती कितीही साधी आणि कितीही वेळा पाहिलेली असो, तिला मी नाताळाची गोष्ट म्हणेन.