रक्षणाची किंमत कुणी मोजली

सीमेवर काही घडलं की चर्चेत एक वाक्य हमखास येतं: आक्रमण हाच उत्तम बचाव. मग पुराव्यादाखल जनरल डूलिटलचं नाव निघतं. १९४४ मध्ये त्यानं अमेरिकी लढाऊ वैमानिकांना बॉम्बरच्या राखणीतून मोकळं केलं आणि जर्मन हवाई दलाचा कणा मोडला, असं सांगून राखण हे दुबळ्यांचं काम ठरवलं जातं. हे मला चुकीचं वाटतं, आणि निष्ठुरही.

इटालियन युद्धविचारक दूए आणि ब्रिटिश राजकारणी बाल्डविन यांच्यापासूनची कहाणी परिचित आहे. बॉम्बर कसाही पोचणारच, या समजुतीवर दोन दशकं गेली. १९४० मध्ये जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगनं आपल्या मेसरश्मिट लढाऊ विमानांना बॉम्बरला चिकटून उडायला लावलं, तेव्हा वेग आणि उंची ही त्यांची खरी शस्त्रं म्यानातच राहिली. अमेरिकनांनी जर्मनीत खोलवर सोबतीविना जाऊन पाहिलं. १४ ऑक्टोबर १९४३ ला श्वाइनफुर्टवर निघालेल्या २९१ पैकी ६० बी-१७ बॉम्बर गमावली. प्रत्येकात दहा माणसं होती.

यानंतर सगळे लांब पल्ल्याच्या मस्टँग लढाऊ विमानाचं नाव घेतात. पण जादा टाक्या लावलेलं मस्टँग किती दूर जाऊ शकतं, एवढंच ठरलं होतं. तिथं पोचून वैमानिकानं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. ११ जानेवारी १९४४ ला ओशर्सलेबेनवर मेजर जेम्स हॉवर्ड आपल्या स्क्वाड्रनपासून सुटून एकटा पडला. बॉम्बरच्या ताफ्यावर तुटून पडणाऱ्या सुमारे तीस जर्मन विमानांना तो अर्धा तास अंगावर घेत राहिला. चारपैकी तीन बंदुका बंद पडल्या, इंधन संपत आलं, तरी तो ताफा सोडून गेला नाही. ही हकीकत बॉम्बरमधल्या माणसांनीच परतल्यावर सांगितली. युरोपातल्या अमेरिकी लढाऊ वैमानिकांपैकी ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालेला तो एकटाच. त्या एकाच दिवशी ६० बॉम्बर पडले, हेही विसरता येत नाही.

याच सुमारास डूलिटलनं लढाऊ विमानांचा प्रमुख केपनर याच्या कार्यालयातली पाटी बदलायला सांगितली. बॉम्बर सुखरूप परत आणणं हे पहिलं कर्तव्य, असं तिच्यावर होतं. त्या जागी जर्मन लढाऊ विमानं नष्ट करणं आलं. या बदलाचा अर्थ राखण सोडली असा लावणारे चुकतात. ताफ्याच्या वाटेचे टप्पे पाडून निरनिराळे गट आळीपाळीनं सोबत करतच होते. काही पुढे जाऊन शत्रूला गाठत, काही परतताना धावपट्ट्यांवरची विमानं फोडत. म्हणजे रक्षण आजच्या मोहिमेपुरतं उरलं नाही, ते पुढच्या महिन्यांसाठीही मागितलं जाऊ लागलं. पण त्यासाठी जर्मन विमानं वर येणं भाग होतं. त्यांना तर अमेरिकी लढाऊ विमानं टाळून बॉम्बरच पाडायचे होते. बर्लिनसारखं लक्ष्य त्यांना वर यायलाच लावणारं होतं. ६ मार्चला तिथं ६९ बॉम्बर पडले.

बॉम्बर गटांच्या प्रमुखांनी या धोरणाला विरोध केला, तो भित्रेपणापायी नव्हता. आजचं कवच पातळ करून उद्याचं बळकट होणार, हे त्यांनाही कळत होतं, पण उद्या पाहायला आपल्यातले कितीजण उरतील, हा त्यांचा सवाल होता. जूनपर्यंत गणित जुळलं, नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरताना जर्मन विमानं फारशी आलीच नाहीत, म्हणून तो सवाल फालतू ठरत नाही. उलट, मिळालेली सुरक्षितता त्यांच्या पदरात पूर्ण पडलीच नाही. आकाश मोकळं होऊ लागलं, तसा त्याच डूलिटलनं १९४४ मध्ये बॉम्बरवरच्या माणसांना घरी परतण्यापूर्वी कराव्या लागणाऱ्या मोहिमांचा आकडा २५ वरून ३० केला. पुढे तो ३५ झाला.