वेगळी चूल

‘वेगळी चूल मांडली’ असं आपण म्हणतो ते फुटीबद्दल. भाऊ वेगळे झाले, पक्ष फुटला, की वेगळी चूल. पण मराठीतल्या एका प्रसिद्ध संसाराची मोडतोड सावरली गेली ती वेगळ्या चुलीमुळेच.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंशी त्यांचं लग्न १८८० मध्ये झालं होतं. निर्णय टिळकांचा एकट्याचा. परिणाम मात्र दोघांचे. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ उघड होता: नवरा जिवंत असून संसार संपला. काही वर्षं लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण आपलं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ती चूल मोडायला लावली नाही. पुढे जातिभेदाविषयीची लक्ष्मीबाईंची मतं बदलली, ती त्यांच्या स्वतःच्या विचारानं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ज्यानं नातं मोडलं, त्याला ते पुन्हा मागण्याचा हक्क असतो का? कायद्याचं उत्तर बराच काळ ‘हो’ असं होतं, आणि ते पुरतं बदललेलं नाही. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर मुंबईत दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि नवऱ्याच्या घरी कधी नांदल्याच नव्हत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या.

हा दावा मुळात इंग्लंडमधून आलेला. तिथे तो १९७० मध्ये रद्द झाला. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा, १९५५ मधलं नववं कलम अजून आहे. झाशीत असो की पुण्यात, कौटुंबिक न्यायालयात त्याखाली अर्ज करता येतो. आंध्र उच्च न्यायालयानं १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, तर सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये वैध. आता तुरुंग नाही. हुकूम पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. कलमाचं नाव आहे ‘वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना’. खोट त्या शब्दातच आहे. देवळातली मूर्ती पुन्हा स्थापन करता येते, कारण तिला कुणी विचारत नाही.

कोर्टात न जाणारेही हाच दावा घरी लावतात. तो माफी मागतो, रडतो, बदलल्याचं सांगतो. तिसऱ्या आठवड्यात विचारतो, ‘अजून किती दिवस?’ त्या प्रश्नासरशी माफीचं बिल होतं आणि समोरची व्यक्ती थकबाकीदार ठरते. पश्चात्ताप खरा असेलही. पण खऱ्या पश्चात्तापानंही होकार विकत घेता येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लक्ष्मीबाई तरी कितपत मोकळ्या होत्या? स्वतःची मिळकत नाही, पदरी मूल. परतल्या नसत्या तर जन्म दुसऱ्यांच्या घरी काढावा लागला असता. शिवाय शेवटी धर्म बदलला तो त्यांनी. टिळक मागे फिरले नाहीत. हा सौदा बरोबरीचा नव्हता, आणि आदर्श दांपत्य म्हणून त्यांची आरती करताना हे झाकू नये.

तरीही त्या चुलीचं मोल उरतंच. फार थोडं हातात असलेल्या बाईजवळ एक ‘नाही’ शिल्लक होतं: तुमच्या हातचं खाणार नाही. रोज दोन वेळा ते ‘नाही’ म्हणता येत होतं, आणि ते ऐकूनही दार उघडं राहत होतं. म्हणून पुढच्या ‘हो’ला अर्थ आला. रखमाबाईंच्या ‘नाही’ला उत्तर होतं तुरुंग. अशा दारातून कुणी आत आलंच, तर त्याला परत येणं म्हणता येणार नाही.

म्हणून मला वाटतं, मोडणाऱ्याला हक्क नसतो, पण काम असतं. दुसऱ्याला नकार स्वस्त पडेल असं करणं, हे ते काम. पैसा, मुलं, घर, चारचौघांतली अब्रू यांचा दाब काढून घ्यायचा. मग वाट पाहायची, आणि ती पाहतोय हे मोजून दाखवायचं नाही. एवढं करूनही उत्तर नकाराचं येऊ शकतं. ते काम वाया गेलं असं मात्र नाही. दुसऱ्याची सुटका हीसुद्धा भरपाईच असते.

आणि होकार आलाच, तर जुनं नातं परत मिळत नाही. टिळक १९१९ मध्ये गेले. नंतर लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा संताप, विक्षिप्तपणा, पैशांची बेफिकिरी, सगळं हसत-हसत मांडलं. काही विसरल्या नाहीत. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पूर्ण केलं.