भीड चेपते ती कामाने

ऑनलाइन समूहांत वाचणारे पुष्कळ, लिहिणारे मोजके. याकोब नील्सन या अभ्यासकाने २००६ मध्ये याचं एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एकाचा असतो. या नव्वदांना फुकटे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. काहींना वाचण्यातच समाधान असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण कितीतरी जण सांगण्यासारखं असूनही केवळ भिडेपोटी गप्प राहतात.

मराठीत या भिडेला आणखी एक पदर आहे. घरी बोलतो ती भाषा ‘अशुद्ध’, हे अनेकांच्या मनावर शाळेतच बिंबलेलं असतं. परभणीकडच्या शेतकऱ्याने कपाशीवरची गुलाबी बोंडअळी वर्षानुवर्षं पाहिलेली असते, तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या धास्तीने तो लिहीत नाही. मग ज्याने कपाशीचं रान पाहिलेलं नाही असा कुणी सफाईदार मराठीत चुकीची माहिती देऊन जातो, आणि तीच पुढे फिरत राहते. नुकसान सगळ्यांचंच होतं.

अशा माणसाला ‘बिनधास्त लिहा’ असं सांगून भागत नाही; त्याला छोट्या कामापासून सुरुवात करू द्यावी लागते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ च्या त्यांच्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण दिलं आहे. तिथे नवा शिकाऊ आधी कापडाला कात्री लावत नाही. बटणं लावणं, काठ दुमडून शिवणं अशी शेवटची कामं त्याला आधी मिळतात. मग शिवण, आणि बेतणं-कापणं सर्वांत शेवटी. बटण चुकलं तर उसवून पुन्हा लावता येतं, कापलेलं कापड मात्र वाया जातं. शिवाय तयार कपडा रोज हाताळल्याने तो कसा बनतो हे त्याला कळत जातं. तो पहिल्या दिवसापासून दुकानातलाच असतो, फक्त त्याच्या हातून होणारी चूक स्वस्त असते.

चूक अशीच स्वस्त असलेली एक जागा ऑनलाइन मराठीतही आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे सरावासाठी ‘धूळपाटी’ आहे, आणि प्रत्येक लेखाचा संपादन-इतिहास जपलेला असल्याने बिघडलेला मजकूर पूर्ववत करता येतो. आपल्या गावाचा तालुका चुकला असेल तर तो दुरुस्त करावा, एवढंच काम पहिल्या दिवशी पुरे. मोठं मत मांडण्यापेक्षा स्वतःला पक्की ठाऊक असलेली छोटी गोष्ट सांगणं सोपं जातं, आणि भीड अशा कामानेच चेपते.

पण सगळा भार नवख्यावर टाकून चालणार नाही. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ नंतर घटू लागले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचं एक मोठं कारण सापडलं: चांगल्या हेतूने आलेल्या नव्या लोकांचं लेखन तडकाफडकी उलटवलं जात होतं, आणि ते परत येत नव्हते. म्हणून जुन्या सदस्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नवख्याने काही लिहिलं तर आधी त्याच्या मुद्द्याला उत्तर द्या. त्याचं शुद्धलेखन नंतर, न बोलता दुरुस्त करा.