बोलण्याची पाळी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखाद्या मोठ्या इमारतीतील बहुतेक बिऱ्हाडांतून कोणी ना कोणी परगावच्या मुलाशी किंवा नातवाशी मोबाइलवर बोलत असते. भिंती वेगळ्या, दिवे वेगळे; परंतु हे सारे बोलणे घरातल्या घरात वाहून नेणारी हवा मात्र एकच. (बिनतारी लहरींना हवा लागत नाही, हे मला ठाऊक आहे, पण दुसरा सोपा शब्द सापडत नाही.) या हवेत जवळजवळची दोन यंत्रे एकाच पट्ट्यात एकदम बोलू लागली, तर बहुधा दोघांचेही बोलणे बिघडते. पाटाच्या पाण्याला पाटकरी असतो. येथे साऱ्या इमारतीचा असा कोणी पाटकरी नाही. मग पाळी कोणी ठरवायची? हा प्रश्न आपण तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देतो. मला तो नीतीचा वाटतो.

1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘अलोहा’ नावाची बिनतारी योजना सुरू केली. तिचा नियम भाबडा होता. सांगायचे असेल तेव्हा सांगावे. पोच आली नाही, तर वाटेल तितका वेळ थांबून पुन्हा सांगावे. दोघांनी सारखाच वेळ थांबून भागत नाही, कारण मग दोघे पुन्हा एकमेकांवर आदळणार! ही मोकळीक गोड खरी, पण गणित असे निघाले की तिच्यात वाहिनीचा फार तर 18 टक्के वेळ सत्कारणी लागतो.

1997 साली वायफायची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. तिने एक शहाणपण वाढवले: बोलण्यापूर्वी ऐकावे. हवा शांत असली, तरी प्रत्येक यंत्राने मनाशी एक आकडा धरावा, साधारणपणे 0 ते 15 मधला, आणि तो मोजून संपेपर्यंत गप्प राहावे. आजच्या यंत्रांत एकेक आकडा अवघ्या 9 मायक्रोसेकंदांचा असतो. मध्येच दुसरा बोलू लागला, तर मोजणी थांबते. तो थांबला की उरलेल्या आकड्यापासून पुढे चालते. म्हणजे ज्याने वाट पाहिली, त्याची प्रतीक्षा वाया जात नाही. आपल्याकडील कित्येक रांगांविषयी इतके म्हणता येणार नाही. मात्र टक्कर झाली, तर आकड्यांची मर्यादा जवळजवळ दुप्पट होते. ज्याला धक्का बसला, त्यालाच अधिक थांबावे लागण्याचा संभव. हे मला न्याय्य वाटत नाही. गर्दी ओसरण्यासाठी ते आवश्यक आहे, इतकेच.

यंत्राला संयमाचे श्रेय देणे हास्यास्पद होईल. ते श्रेय असेलच, तर नियम करणाऱ्यांचे. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक पळवू पाहणाऱ्या कंपन्यांची माणसे एका टेबलाभोवती बसतात आणि आपापल्या मालाला गप्प राहायला शिकवतात, ही गोष्ट लहान नव्हे. एखाद्याने आपल्या यंत्राला नेहमीच छोटा आकडा धरायला लावले, तर शेजाऱ्याला ते कळणारही नाही.

पण पाळी सर्वांना सारखी मिळाली, की न्याय झाला का? एक यंत्र सेकंदाला 54 मेगाबिट वेगाने बोलते, दुसरे 6 च्या वेगाने. निरोप तेवढाच, पण दुसऱ्याला जवळजवळ नऊपट वेळ लागतो. दोघांना एकाआड एक पाळी दिली, तर चपळाचा बहुतेक काळ मंदाची वाट पाहण्यात जातो. म्हणून पुढे अनेक राउटरांत, निदान राउटर स्वतः जे पाठवतो त्यापुरती, पाळीऐवजी वेळ वाटून देण्याची सोय झाली. चपळांना हे रास्त वाटते. परंतु मंद यंत्र म्हणजे पुष्कळदा आतल्या खोलीतल्या आजींचा जुना फोन असतो, हे विसरून कसे चालेल?

आता तर काही यंत्रांना एकाहून अधिक दारे फुटली आहेत. ज्याला ‘वायफाय सात’ म्हणतात आणि ज्याची प्रमाणपत्रे 2024 च्या जानेवारीपासून मिळू लागली, त्यात एकच यंत्र 2.4, 5 आणि 6 गिगाहर्ट्झ अशा निरनिराळ्या पट्ट्यांतून एका जोडणीचे काम करू शकते. प्रत्येक दारी त्याची वेगळी मोजणी, वेगळी पाळी. एकाच घराने तीन पंगतींत पाट मांडावेत, तसे हे वाटते. तरी त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: रिकाम्या दाराने जाणारा गर्दीचे दार मोकळे करतो. गोची वेगळीच आहे. काही यंत्रांत दोन पट्टे इतके जवळ येतात की एका दाराने बोलू लागले की दुसऱ्या दारी आलेले त्यांना ऐकूच येत नाही. स्वतःच्या आवाजाने कान बधिर होतात.

अशांसाठी केलेले नियम मी दोनदा वाचले. एका दारी पाळी आली, तरी यंत्राने हवे तर शून्यावर थांबून राहावे आणि दुसऱ्या दारीही मोजणी संपली, की दोन्हीकडे एकदम बोलावे. मधल्या काळात दुसऱ्या कोणी तोंड उघडले, तर हातची पाळी गेली, तक्रार नाही. याहून मला मोलाचा वाटतो तो दुसरा नियम. एका दारी बोलणे लांबले, तर ते संपल्यावर दुसऱ्या दारी लगेच तोंड घालायचे नाही. आपण बहिरे असताना तेथे कोणी काय सुरू केले, हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून सुमारे साडेपाच मिलिसेकंद जपून राहायचे. एका खेपेचे बोलणे जास्तीत जास्त जितके लांबू शकते, तितकाच हा काळ ठेवला आहे. तेवढ्यात बोलणे अगदी भागच असेल, तर नेहमीपेक्षा बारीक कान लावायचा, आणि आधी एक छोटा संदेश धाडून ‘बोलू का?’ असे विचारायचे. उत्तर आले, तर पुढे बोलायचे.