सातवे बटण

मागील वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी सकाळी, आमच्या घरातील जेवणाच्या टेबलावर एक परीक्षा पार पडली. परीक्षार्थी आमची नात. वय वर्षे नऊ, इयत्ता चौथी. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी असलेली ही गणिताची स्पर्धा ऑनलाइन होती. लॅपटॉपच्या पडद्यावर प्रश्न उमटत होते, कोपऱ्यातील घड्याळ उलटे धावत होते आणि पडद्याच्या वर बसविलेल्या कॅमेऱ्याचा बारीक दिवा तिच्याकडे टक लावून पाहत होता. दिव्याची नजर तिच्यावर होती, आमच्यावर नव्हती. आम्ही लॅपटॉपच्या पाठीमागे, तिच्या समोरच्या खुर्चीत बसलो होतो. उभी हयात शाळेत गणित शिकविण्यात घालविलेल्या माणसाला अशा वेळी उठून दुसऱ्या खोलीत जाणे किती जड जाते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

शेवटून दुसरा प्रश्न तिने हलक्या आवाजात वाचला. एका पिशवीत ५ लाल, ७ निळे आणि ९ हिरवे मणी आहेत. डोळे मिटून कमीत कमी किती मणी काढावेत, म्हणजे एकाच रंगाचे तीन मणी हाती येणारच? तिने क्षणभर विचार केला आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातील बटणे टेबलावर मांडली. दोन लाल, दोन निळी, दोन हिरवी. मग ती थांबली. सहा बटणांकडे एकटक पाहत राहिली. घड्याळात चार मिनिटे उरली होती. आमच्याच्याने राहवले नाही. आवाज न करता, केवळ ओठांनी, आम्ही म्हटले, ‘सात.’

तिने ‘सात’वर बोट टेकविले. उत्तर बरोबर होते. दीड महिन्याने कुरिअरने पदक आले.

असे प्रसंग आता घरोघरी घडतात, म्हणूनच आम्ही तो येथे मांडीत आहोत. मुलांच्या गणित-स्पर्धा काही आजच्या नव्हेत. त्यांतील सर्वांत मोठी म्हणावी अशी ‘कांगारू’ स्पर्धा १९९१ साली फ्रान्समध्ये सुरू झाली. कल्पना ऑस्ट्रेलियातील एका स्पर्धेवरून घेतलेली, म्हणून कृतज्ञतेपोटी नाव कांगारूचे! आज ७०हून अधिक देशांतील लक्षावधी मुले तीत भाग घेतात. अमेरिकेत पहिली ते चौथीच्या मुलांना ७५ मिनिटांत २४ प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येकाखाली पाच पर्याय, आणि गुण सोप्याला तीन, मधल्याला चार, अवघडाला पाच. संस्थापकांचा हेतू हुशार मुले वेचून काढण्याचा नव्हता. सर्वसाधारण मुलाला गणिताची गोडी लागावी, अशी त्यांची इच्छा होती. २०२०च्या महामारीने शाळा बंद पाडल्या आणि अशा कितीतरी स्पर्धा वर्गातून उठून घरात आल्या. महामारी ओसरली, तरी घरातली बैठक पुष्कळ ठिकाणी कायम राहिली.

वर्गात पर्यवेक्षक असे. घरात कॅमेरा आहे. पण कॅमेऱ्याला जेवढे दाखवावे तेवढेच दिसते. प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात एका मेंढपाळाची कथा दिली आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि ती बोटात येताच त्याचे वर्तन पार बदलून जाते. कोणी पाहत नसेल तर सज्जन आणि दुर्जन यांत फरक तो काय उरतो, असा तेथे सवाल आहे. आमच्या घरी अंगठीची गरज पडली नाही. लॅपटॉपच्या पाठीमागची एक खुर्ची पुरली. आणि त्या खुर्चीत बसलेला मनुष्य दुर्जन नव्हता, निदान स्वतःच्या समजुतीने तरी नव्हता. त्याला राज्य बळकवायचे नव्हते. नातीच्या कपाळावरची आठी त्याला पाहवली नाही, इतकेच.

नेमकी येथेच गाठ बसते. परक्या मुलाला उत्तर सांगणे ही लबाडी, हे आपण सारे मानतो. घरातल्या मुलाला सांगितले की तिचेच नाव माया होते. घर हे मुळी मदतीसाठीच असते. बुटाची नाडी बांधता येत नसेल तर आपण वाकतो, घास गिळवत नसेल तर पाणी पुढे करतो. मग गणितापाशीच हात आखडता का घ्यावा? शेजारच्या एका गृहस्थांनी तर आम्हांला सुनावले, ‘सगळेच सांगतात हो. आपण न सांगितले तर आपलेच पोर मागे पडेल.’ या युक्तिवादाचे उत्तर सोपे आहे. यादीत आमच्या नातीच्या खाली कुणीतरी मूल आहे, त्याचा आजोबा त्या सकाळी बाजारात गेला होता. त्या मुलाचे स्थान आम्ही घेतले. एवढे पुरेसे आहे. परंतु आमचे मन ज्याने अस्वस्थ झाले, ते हे नव्हे.

पदक आले त्या रात्री नातीने विचारले, ‘आजोबा, तुम्ही सांगितलं नसतं, तर सहानंतरचं मला सुचलं असतं का?’

आम्ही गणिताचे शिक्षक. आम्हांला माहीत आहे की दोन-दोन-दोन मांडणे हाच त्या प्रश्नाचा खरा जीव आहे. जास्तीत जास्त किती बटणे काढूनही तीन सारखी जमत नाहीत, हे तिने स्वतः शोधून काढले होते. पुढचे कोणत्याही रंगाचे येवो, तिसरे जुळणारच, एवढी एकच पायरी उरली होती. कदाचित दहा सेकंदांत तिला ती दिसली असती. कदाचित चार मिनिटे संपली असती आणि मग दुपारी, भात कालवताना, ती ओरडली असती. कदाचित दिसलीच नसती. तिन्ही शक्यता तिच्या मालकीच्या होत्या. आमच्या ओठांनी तिन्ही पुसून टाकल्या. ‘सुचलं असतं’ म्हणावे तर ते तिला खोटी शाबासकी देणे होते. ‘नसतं सुचलं’ म्हणणे हा अन्याय होता. आम्ही गप्प राहिलो.

घेतलेली वस्तू ज्याची त्याला परत केल्याखेरीज पश्चात्ताप पुरा होत नाही, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पदक परत पाठविता येईल, गुण कमी करून घेता येतील. न उलगडलेला प्रश्न कसा परत करावा? एकदा कळलेले उत्तर कोणालाही न-कळलेले करता येत नाही.

हंगेरीतील ग्योर या गावच्या दानिएल आरान्य नामक शिक्षकाने १८९४ साली माध्यमिक शाळेतील मुलांसाठी गणिताचे एक मासिक काढले. दर महिन्याला त्यात प्रश्न छापीत. मुले घरी बसून ते सोडवीत आणि उत्तरे टपालाने धाडीत. उत्तम उत्तर त्या मुलाच्या नावासह छापून येई. चांगल्या सोडविणाऱ्यांची छायाचित्रेही येत. पुढे जगप्रसिद्ध झालेले गणिती पॉल एर्डिश यांचे बालवयातील छायाचित्र त्यांत आहे. युद्धकाळातील खंड सोडता ते मासिक आजही निघते. तेथे ना पर्यवेक्षक होता, ना कॅमेरा. घरात बापही असेल, काकाही असेल. फसविणे अशक्य होते असे मुळीच नाही. पण तेथे केवळ ‘सात’ लिहून भागत नसे. सातच का, हे पानभर लिहावे लागे, आणि ते लिहिताना उत्तर उसने आणलेल्यालाही थोडे गणित करावेच लागे. शिवाय हाताशी वेळ होता. अडकून बसणे ही तेथे नामुष्की नव्हती. महिनाभर चालणारा तो एक उद्योगच होता. आमच्या टेबलावर चार मिनिटे होती. दोष आम्ही घड्याळावर ढकलीत नाही. घड्याळ तिचे होते, घाई आम्हांला झाली.

तिच्या वडिलांनी पदक कपाटात काचेमागे लावले होते. एके दिवशी ते तेथे दिसले नाही. विचारता कळले की तिने ते शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवले आहे. आम्ही काढले नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही तिला एक जुना प्रश्न घातला. बुद्धिबळाच्या पटाचे तिरपे समोरासमोरचे दोन पांढरे कोपरे कागदाने झाकायचे. उरलेली ६२ घरे ३१ पुठ्ठ्यांनी भरायची. प्रत्येक पुठ्ठ्याने शेजारशेजारची दोन घरे झाकावीत. घड्याळ नाही, पर्याय नाहीत. आज पाचवा दिवस. पट जेवणाच्या टेबलावरच पडून आहे, त्यामुळे आम्ही सारे एका बाजूला दाटीवाटीने जेवतो आणि तिची आजी कुरकुरते. काल रात्री तिसाव्या पुठ्ठ्यावर हात ठेवून ती म्हणाली, ‘दर वेळी दोन उरतात. आणि उरतात ती नेहमी काळीच.’

आम्ही उठलो आणि व्हरांड्यात जाऊन बसलो.